डाउनलोड नेमकं कुठे अडकलं?

डाउनलोड झालं नाही की बहुतेकांचा हात आपोआप त्याच बटणाकडे जातो. पुन्हा दाब, पुन्हा दाब. अर्ध्या तासाने डाउनलोड्स फोल्डरमध्ये ‘स्टेटमेंट (१)’, ‘स्टेटमेंट (२)’, ‘स्टेटमेंट (३)’ अशी रांग लागलेली असते आणि त्यातली एकही फाइल धड उघडत नाही. त्यातून काही पोर्टलना एकाच ठिकाणाहून भराभर विनंत्या आल्या की संशय येतो आणि ती थोडा वेळ दारच लावून घेतात. म्हणजे आधी बिघाड एक होता, आता दोन झाले.

म्हणून हात थांबवा आणि गाडी कुठल्या स्टेशनावर थांबली ते बघा. अडकण्याच्या जागा चारच आहेत: डाउनलोड सुरूच झालं नाही, सुरू होऊन मध्येच तुटलं, शेवटच्या टोकाला येऊन लटकलं, किंवा पूर्ण झालं पण फाइल उघडत नाही. प्रत्येक जागेची कारणं वेगळी आणि इलाजही वेगळा. राउटर बंद-चालू करून पॉप-अप ब्लॉकर सुटत नाही आणि ब्राउझर नव्याने टाकून पेन ड्राइव्हची मर्यादा वाढत नाही.

जागा ओळखायला क्रोम, एज किंवा फायरफॉक्समध्ये कंट्रोल आणि जे एकत्र दाबा. डाउनलोडची यादी उघडेल. फाइलचं नाव तिथे आहे का, असल्यास त्याखाली काय लिहिलंय, हे वाचा. लाल अक्षरातली ती एक ओळ बरंच काही सांगून जाते, पण ती वाचायच्या आधीच खिडकी बंद करायची सवय असते.

यादी पाहून झाली की दोन मिनिटांच्या तीन चाचण्या करा. पहिली: दुसऱ्या कुठल्या तरी साइटवरून एखादी लहान पीडीएफ उतरवून बघा. ती आली तर तुमचा ब्राउझर, डिस्क आणि नेट ढोबळमानाने ठीक आहेत, संशय आधी त्या साइटवर किंवा त्या फाइलवर. दुसरी: कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून इन्कॉग्निटो खिडकी उघडा (फायरफॉक्समध्ये एनऐवजी पी) आणि तिथे लॉगिन करून तीच फाइल मागा. इन्कॉग्निटोत एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम) सहसा बंद असतात आणि जुन्या कुकीही (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदी) नसतात. तिथे फाइल आली तर गुन्हेगार या दोघांपैकी एक. तिसरी: मोबाइलचा हॉटस्पॉट लावून त्याच कॉम्प्युटरवर प्रयत्न करा. हॉटस्पॉटवर आली आणि ऑफिसच्या किंवा घरच्या वाय-फायवर येत नसेल, तर अडथळा नेटवर्कमध्ये आहे.

ही तिसरी चाचणी अनेक जण गाळतात, कारण त्यांचं म्हणणं असतं, ‘साइट तर उघडतेय, मग नेटचा प्रश्न कसा?’ साइटचं पान एका सर्व्हरवरून (साइट ज्यावर ठेवलेली असते त्या कॉम्प्युटरवरून) येतं आणि फाइल पुष्कळदा दुसऱ्याच सर्व्हरवरून. पान उघडलं म्हणून फाइलचा रस्ता मोकळा आहे असं होत नाही. ऑफिस आणि कॉलेजांच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या पहारेकऱ्यात, पुष्कळदा प्रोग्रामच्या किंवा झिप फाइली सरसकट अडवण्याचा नियम असतो. तिथे ब्राउझरशी झटापट करण्यात अर्थ नाही, सिस्टिम ॲडमिनला गाठा.

बटण दाबलं, पण काहीच झालं नाही

यादीत फाइलचं नावच नाही, म्हणजे ब्राउझरने डाउनलोड सुरूच केलेलं नाही.

पहिला संशय पॉप-अप ब्लॉकरवर. महाभूलेखवर सातबारा पाहताना उतारा वेगळ्या खिडकीत उघडतो. पावत्या, गुणपत्रिका, बँकेची स्टेटमेंट देणारी बरीच पोर्टलं असंच करतात. ब्राउझर ती खिडकी जाहिरात समजून दाबून टाकतो. ॲड्रेस बारच्या उजव्या टोकाला लहानसं चिन्ह येतं, त्यावर क्लिक करून त्या साइटला कायमची परवानगी द्या आणि बटण पुन्हा दाबा. सगळ्या साइटना मोकळं रान देऊ नका, एकाच साइटला द्या.

दुसरा संशय जरा छुपा आहे. एखादी साइट एकामागून एक फाइली द्यायला लागली की क्रोम विचारतो: या साइटला अनेक फाइली उतरवू द्यायच्या का? घाईत कुणीतरी ‘ब्लॉक’ दाबतं आणि विसरतं. त्यानंतर त्या साइटवर पहिली फाइल येते, दुसरीपासून शांतता. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’, त्यात ‘ॲडिशनल परमिशन्स’खाली ‘ऑटोमॅटिक डाउनलोड्स’ आहे. तिथल्या बंदीच्या यादीतून साइटचं नाव काढून टाका. सेवा केंद्रात एकाच कॉम्प्युटरवर दिवसभर दाखले काढले जातात, तिथे हे हमखास घडतं.

तिसरं कारण म्हणजे साइट सुरक्षित पानावर आहे, पण फाइलची लिंक जुन्या, असुरक्षित पद्धतीची आहे. म्हणजे पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ऐवजी नुसतं ‘एचटीटीपी’. क्रोमने २०२०पासून अशी डाउनलोड टप्प्याटप्प्याने अडवायला सुरुवात केली. लिंकवर राइट क्लिक करून पत्ता कॉपी करा, नव्या टॅबमध्ये पेस्ट करा, ‘पी’नंतर एक ‘एस’ घाला आणि एंटर दाबा. सर्व्हर सुरक्षित जोडणी देत असेल तर फाइल मुकाट येते.

आणि एक गैरसमज. पीडीएफ टॅबमध्ये उघडली, फोल्डरमध्ये मात्र दिसत नाही, हा बिघाड नव्हे. ब्राउझरने ती दाखवली आहे, साठवलेली नाही. वर उजवीकडे खाली बाण असलेलं बटण दाबा किंवा कंट्रोल आणि एस. दरवेळी थेट उतरावी असं वाटत असेल तर क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये ‘पीडीएफ डॉक्युमेंट्स’ या नोंदीत ‘डाउनलोड पीडीएफ्स’ निवडा.

सर्व्हरच नाही म्हणतो तेव्हा

यादीत नाव आहे आणि खाली कारणही लिहिलंय, तर अर्धं काम झालं. ‘फॉरबिडन’, म्हणजे ४०३: फाइल आहे, पण तुम्हाला द्यायची नाही. लॉगिनची मुदत संपली असेल, लिंक शिळी झाली असेल किंवा त्या खात्याला अधिकार नसेल. ‘नीड्स ऑथरायझेशन’ म्हणजे ४०१, इथे सरळ पुन्हा लॉगिन. ‘नो फाइल’, किंवा नव्या क्रोममध्ये ‘फाइल वॉझन्ट अव्हेलेबल ऑन साइट’: त्या पत्त्यावर फाइल नाही. ५००च्या घरातला आकडा दिसला तर सर्व्हर आजारी आहे. निकालाच्या दिवशी किंवा अर्जाच्या शेवटच्या तारखेला ५०३ येतो तो गर्दीमुळे. तिथे दर दहा सेकंदांनी पान रिफ्रेश करणं म्हणजे गर्दीत आणखी एक माणूस घालणं. रात्री उशिरा किंवा पहाटे प्रयत्न करा.

लॉगिन असलेल्या साइटवर आणखी एक चूक होते: लिंक कॉपी करून दुसऱ्या ब्राउझरमध्ये टाकायची किंवा व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवायची. लॉगिनची ओळख ब्राउझरच्या कुकीमध्ये असते, ती लिंकबरोबर जात नाही.

गूगल ड्राइव्हचे काही खास नखरे आहेत. १०० एमबीहून मोठ्या फाइलची व्हायरस तपासणी तिथे होत नाही, म्हणून मध्ये एक सूचनेचं पान येतं. त्यावरचं ‘डाउनलोड एनीवे’ दाबल्याशिवाय काही उतरत नाही. ब्राउझरमध्ये दोन-तीन गूगल खाती एकदम चालू असतील तर ड्राइव्ह गोंधळतो आणि ४०३ देतो. इन्कॉग्निटोमध्ये, ज्या खात्याला फाइल शेअर झाली आहे त्या एकाच खात्याने लॉगिन करा. अख्खा फोल्डर उतरवला तर सुमारे दोन-दोन जीबीच्या अनेक झिप होतात आणि त्या मागेपुढे येतात. लग्नाचे फोटो ‘अर्धेच आले’ अशी तक्रार असते तेव्हा एखादी झिप आलेलीच नसते. नावाच्या शेवटचे आकडे ००१, ००२ असे सलग आहेत का ते मोजा.

मध्येच तुटलं

सगळ्यात जास्त डाउनलोड इथे मरतात, त्यामुळे आत काय चालतं हे थोडं समजून घेतलेलं बरं.

फाइल उतरत असताना ब्राउझर ती तात्पुरत्या नावाने ठेवतो. क्रोम आणि एजमध्ये तिच्या नावामागे ‘सीआरडाउनलोड’ हे शेपूट लागतं, फायरफॉक्समध्ये ‘पार्ट’. फायरफॉक्स शेजारी खऱ्या नावाची ० केबीची रिकामी फाइलही करून ठेवतो, जागा धरून ठेवायला रुमाल टाकावा तशी. ती उघडून ‘फाइल करप्ट आहे’ असं ठरवू नका. आणि अर्धवट फाइलचं शेपूट तोडून ‘पीडीएफ’ किंवा ‘एमपीफोर’ लिहिल्याने ती पूर्ण होत नाही. अर्ध्या भाकरीला पूर्ण म्हटल्यासारखंच ते.

जोडणी तुटली की यादीत ‘रिझ्यूम’ दिसतं. ते दाबल्यावर ब्राउझर सर्व्हरला सांगतो: माझ्याकडे ६०० एमबी आहेत, पुढचं दे. सर्व्हरला तुकड्याने देणं जमत असेल तर तो २०६ या आकड्याने उत्तर देतो आणि उरलेलं पाठवतो. जमत नसेल तर फाइल पहिल्यापासून सुरू होते. मधल्या काळात सर्व्हरवरची फाइल बदलली असेल तरीही पहिल्यापासूनच, आणि ते योग्यच आहे, नाहीतर जुन्या-नव्या फाइलचं कडबोळं हाती येईल. जी पोर्टलं तुम्ही मागाल तेव्हा जागेवर फाइल तयार करून देतात, त्यांच्याकडे रिझ्यूम बहुधा चालत नाही. सुरू असताना एकूण आकार न दाखवता नुसतेच उतरलेले एमबी वाढत असतील, तर समजा की ही तशी फाइल आहे आणि एका दमात उतरवावी लागेल.

रिझ्यूम दाबल्यावर लगेच ‘फॉरबिडन’ आलं तर लिंकची मुदत संपलेली आहे. मोठ्या फाइलींच्या लिंक अनेकदा काही मिनिटं किंवा तासांपुरत्याच जिवंत असतात, काही तर तुमच्या आयपी पत्त्याला (इंटरनेटवरच्या तुमच्या जोडणीच्या क्रमांकाला) बांधलेल्या असतात. वाय-फाय गेलं, कॉम्प्युटर मोबाइलच्या नेटवर गेला, पत्ता बदलला, लिंक मेली. ब्राउझरमध्ये यावर इलाज नाही, मूळ पानावर जाऊन नवी लिंक घ्यायची आणि शून्यापासून सुरुवात. डाउनलोड मॅनेजरची, म्हणजे फाइली उतरवण्यासाठीच्या वेगळ्या प्रोग्रामची, खरी किंमत इथे कळते. इंटरनेट डाउनलोड मॅनेजरमध्ये ‘रिफ्रेश डाउनलोड ॲड्रेस’ नावाची सोय आहे: जुन्या अर्धवट फाइलला नवी लिंक जोडायची आणि तिथून पुढे चालायचं. त्याची चोरीची, क्रॅक केलेली आवृत्ती मात्र घेऊ नका. अशा आवृत्त्यांतून व्हायरस येतो हे नवं नाही. फुकट हवं असेल तर फ्री डाउनलोड मॅनेजर आहे.

आता तुटण्याची घरगुती कारणं. लॅपटॉप झोपणं हे सगळ्यात साधं. स्क्रीन बंद झाली तरी चालतं, पण स्लीपमध्ये गेला की नेट तुटतं. विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर इथे चार्जर लावलेला असताना झोपण्याची वेळ ‘नेव्हर’ करा आणि झाकण बंद करू नका. मेगासारख्या फाइली साठवणाऱ्या सेवा फाइल आधी टॅबच्या आतच उतरवून तिथे तिचं कुलूप उघडतात आणि मग डिस्कवर टाकतात. तो टॅब बंद झाला की सगळं मुसळ केरात. मोठ्या फाइलीसाठी त्यांचं डेस्कटॉप ॲप वापरा.

दुसरं, दिवसाचा डेटा. रोज दीड-दोन जीबीच्या मोबाइल प्लॅनमध्ये कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. नेट ‘चालू’ दिसतं, व्हॉट्सॲपचा मजकूर जातो, पण या वेगाने एक एमबीला दोन मिनिटांहून जास्त लागतात आणि ५० एमबीच्या फाइलला पावणेदोन तास. तेवढा वेळ अनेक सर्व्हर धीर धरत नाहीत, जोडणी तोडतात. डाउनलोड सकाळी नीट, संध्याकाळी तुटतं, असा ठेका असेल तर आधी शिल्लक डेटा बघा.

वेगाच्या हिशोबातही गफलत होते. ब्रॉडबँडवाले वेग मेगाबिटमध्ये सांगतात, ब्राउझर मेगाबाइटमध्ये दाखवतो. आठाने भागा. ४० एमबीपीएसच्या जोडणीवर जास्तीत जास्त सेकंदाला ५ एमबी मिळणार, म्हणजे १ जीबीला साधारण साडेतीन मिनिटं, तेही घरात दुसरं कुणी काही बघत नसेल तर. एवढा वेग येत असेल तर ‘डाउनलोड स्लो आहे’ ही तक्रारच नाही.

वाय-फायची ताकद हे तिसरं. दोन भिंतींपलीकडे फोनवर व्हिडिओ चालतो, कारण व्हिडिओ पुढचा भाग साठवून ठेवतो आणि तुटलेलं गुपचूप जोडतो. एकसंध मोठी फाइल तेवढी सोशिक नसते. शक्य असेल तर लॅन केबल लावा. तीनशे-चारशे रुपयांची लांब केबल असंख्य प्रश्न मिटवते. रेल्वे स्टेशन, हॉस्टेल, हॉटेलच्या वाय-फायवर लॉगिनची मुदत मध्येच संपते आणि फाइलच्या जागी लॉगिनचं पान उतरतं. त्याचा पुरावा कसा बघायचा ते पुढे येतं.

अनेक जीबीची फाइल असेल आणि अधिकृत टॉरेंट उपलब्ध असेल, उदाहरणार्थ उबुंटू या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमची आयएसओ (इन्स्टॉल करायची अख्खी फाइल), तर टॉरेंट, म्हणजे अनेकांच्या कॉम्प्युटरवरून तुकड्यातुकड्याने उतरवण्याची पद्धत, वापरायला लाजू नका. प्रत्येक तुकडा उतरतानाच तपासला जातो आणि कितीही वेळा तुटलं तरी काम वाया जात नाही.

काठावर येऊन बुडालं

९९ किंवा १०० टक्के होऊन चक्र फिरत राहिलं, तर नेटला दोष देऊ नका. त्याचं काम झालंय. आता खेळ डिस्कचा आणि अँटिव्हायरसचा.

डिस्कची जागा बघा, आणि दुप्पट धरून बघा. ३ जीबीची झिप उतरवून उघडायची तर ३ जीबी झिपला आणि आत जे निघेल त्याला तेवढी किंवा अधिक जागा लागते. सी ड्राइव्ह लाल झालेला असेल तर रिसायकल बिन रिकामा करा, जुन्या डाउनलोड्समधले इन्स्टॉलर काढा. यावरून एक आठवण: विंडोजच्या ‘स्टोरेज सेन्स’मध्ये डाउनलोड्स फोल्डरमधल्या न उघडलेल्या फाइली ठरावीक दिवसांनी पुसण्याची सोय आहे. उतरलेल्या फाइली काही आठवड्यांनी गायब होत असतील तर ती कुणीतरी चालू केलेली असते.

पेन ड्राइव्हवर थेट उतरवत असाल आणि फाइल ४ जीबीच्या आसपास पोचून मरत असेल, तर पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी राहूच शकत नाही, ड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी. उबुंटूच्या डेस्कटॉप आयएसओ साडेपाच जीबीच्या वर गेल्यात, त्या तिथे बसणारच नाहीत. आतला मजकूर दुसरीकडे ठेवून ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. मुळात पेन ड्राइव्हवर थेट उतरवूच नये. आधी डिस्कवर, मग कॉपी. धक्का लागून ड्राइव्ह हलला तरी डाउनलोड जातं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘डाउनलोड्स’ इथे ‘लोकेशन’ काय आहे तेही बघा. काढून घेतलेल्या पेन ड्राइव्हचा पत्ता तिथे राहिलेला असेल तर प्रत्येक डाउनलोड अडेल.

‘इन्सफिशियंट परमिशन्स’ आलं तर ब्राउझरला त्या फोल्डरमध्ये लिहिता येत नाही. विंडोज सिक्युरिटीतलं ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ चालू असेल तर डॉक्युमेंट्स, पिक्चर्ससारखे फोल्डर पहाऱ्याखाली असतात. डाउनलोड साध्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये घ्या, प्रश्न संपतो.

अँटिव्हायरस फाइल पूर्ण झाल्या क्षणी तिची झडती घेतो आणि संशय आला तर उचलून कोठडीत टाकतो. यादीत ‘व्हायरस डिटेक्टेड’ दिसतं किंवा फाइल चक्क नाहीशी होते. विंडोज सिक्युरिटीत ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ उघडा, कुठली फाइल कशासाठी उचलली ते लिहिलेलं असतं. मराठी टायपिंगच्या जुन्या, सही नसलेल्या इन्स्टॉलरना ब्राउझर बरेचदा ‘फारसं डाउनलोड न होणारी फाइल’ म्हणून अडवतो. एजमध्ये त्या नोंदीच्या तीन टिंबांत ‘कीप’, पुढे ‘शो मोअर’ आणि ‘कीप एनीवे’ असा रस्ता आहे. पण तो रस्ता धरायच्या आधी दोन प्रश्न विचारा: ही फाइल बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरून घेतली का, आणि ती फुकट मिळायला हवी होती का? दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर अँटिव्हायरसचं ऐका. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असं सांगणारी साइट बंद करणं केव्हाही चांगलं.

फोल्डरमध्ये ‘अनकन्फर्म्ड’ आणि पुढे आकडे, अशी सीआरडाउनलोड फाइल दिसली तर क्रोम तुमच्या होकाराची वाट बघतोय. यादीत जाऊन ‘कीप’ किंवा ‘डिस्कार्ड’ निवडा.

मराठी नावांची अडचण इथेच येते. देवनागरीतलं एक चिन्ह यूटीएफ-८मध्ये (अक्षरं साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत) ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलंत ही वेगळी चिन्हं मोजली जातात. ‘महाराष्ट्र’ हा शब्द १० चिन्हांचा, म्हणजे ३० बाइटचा. लिनक्सवर, आणि अँड्रॉइडवरही, फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा, म्हणजे देवनागरीत जेमतेम ८५ चिन्हं. शासकीय परिपत्रकाचा अख्खा विषय फाइलचं नाव म्हणून दिला की ही मर्यादा सहज ओलांडते. विंडोजवर तिढा वेगळा: तिथे फोल्डरांसकट पूर्ण पत्ता साधारण २६० चिन्हांत बसावा लागतो, नाहीतर ‘पाथ टू लाँग’. शिवाय वेबच्या पत्त्यात प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात, म्हणून एकट्या ‘महाराष्ट्र’ची ९० होतात आणि काही सर्व्हर एवढ्या लांब नावावर गडबडतात. इलाज सोपा आहे. लिंकवर राइट क्लिक, ‘सेव्ह लिंक ॲज’, आणि नाव स्वतः लहान करून द्या. फाइल चढवणाऱ्यांनी नाव आखूड ठेवलं तर पुढचे हजार जण वाचतील.

पूर्ण झालं, पण उघडत नाही

आधी आकार बघा. २ एमबीची पीडीएफ अपेक्षित असताना ६ केबीची फाइल आली, तर ती पीडीएफ नाहीच. तिच्यावर राइट क्लिक करून ‘ओपन विथ’मधून नोटपॅडमध्ये उघडा आणि पहिली अक्षरं वाचा. खऱ्या पीडीएफच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि ‘पीडीएफ’ ही तीन इंग्रजी अक्षरं असतात. झिप ‘पी-के’ने सुरू होते (झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झची ही आद्याक्षरं), वर्ड आणि एक्सेलच्या नव्या फाइलीसुद्धा, कारण त्या आतून झिपच असतात. विंडोजचा प्रोग्राम ‘एम-झेड’ने. आणि जर सुरुवातीला कंसात ‘एचटीएमएल’ दिसलं तर साइटने फाइलऐवजी वेबपान दिलंय: लॉगिनचं किंवा एररचं. नोटपॅडमध्ये थोडं खाली सरकलात तर ‘सेशन एक्स्पायर्ड’सारखं वाक्यही सापडेल. बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा आणि फाइल नव्याने मागा.

काही फाइली बिघडलेल्या नसतातच. ई-आधारची पीडीएफ पासवर्ड मागते. तो म्हणजे आधारवरच्या इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि लगेच जन्मवर्ष, मध्ये जागा न सोडता. सुरेश, जन्म १९९० असेल तर एस-यू-आर-ई आणि १९९०. कीबोर्ड मराठीवर असेल तर आकडेही देवनागरीत उमटतात आणि पासवर्ड चुकतो. कीबोर्ड इंग्रजीवर आणा. तसंच डिजिटल सहीच्या कागदावर पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं म्हणून डाउनलोड चुकलं असं नाही. सहीचं प्रमाणपत्र ॲडोबी रीडरला अजून ओळखीचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. सहीवर क्लिक करून प्रमाणपत्रावर विश्वास ठेवण्याची पायरी एकदा पुरी केली की बरोबरची हिरवी खूण येते.

मोठ्या फाइलीचा एखादा तुकडा बिघडला का, हे आकारावरून कळत नाही. त्यासाठी चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेली तिच्या बोटांच्या ठशासारखी खूण. साइटवर ‘एसएचए-२५६’ म्हणून ६४ अक्षरांची माळ दिलेली असते. सेव्हन-झिप (झिप उघडण्याचा फुकट प्रोग्राम) टाकलेलं असेल तर फाइलवर राइट क्लिक करून त्याच्या ‘सीआरसी एसएचए’ यादीत ‘एसएचए-२५६’ निवडा. दोन्ही माळा तंतोतंत जुळल्या तर फाइल सहीसलामत. एक अक्षर जरी वेगळं असेल तर फाइल टाकून द्या, ‘बहुतेक चालेल’ म्हणू नका.

जुना कॉम्प्युटर

कपाटातला जुना डेस्कटॉप सुरू केल्यावर कुठलंच डाउनलोड होत नसेल तर कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपली की लाइट गेल्यावर घड्याळ अनेक वर्षं मागे जातं आणि ब्राउझरला सगळ्या साइटची प्रमाणपत्रं खोटी वाटतात. बॅटरी बदला, तारीख लावा.

विंडोज ७ आणि ८.१वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ होती. २०२३च्या फेब्रुवारीत आलेल्या ११०पासून क्रोमने या दोन्हींची साथ सोडली. अशा मशीनवर फायरफॉक्सची ११५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती त्यातल्या त्यात बरी, कारण फायरफॉक्स प्रमाणपत्रांची स्वतःची यादी बाळगतो, विंडोजच्या जुन्या यादीवर अवलंबून राहत नाही. बँकेचं काम मात्र त्यावर करू नये.

मोबाइलवर

फेसबुक, इन्स्टाग्राममधून लिंक उघडली की ती ॲपच्या पोटातल्या छोट्या ब्राउझरमध्ये उघडते आणि त्याला बऱ्याच डाउनलोड जमत नाहीत. तीन टिंबांत ‘ओपन इन ब्राउझर’ शोधा. अँड्रॉइडवर स्क्रीन बंद झाल्यावर डाउनलोड थांबत असेल तर क्रोमची बॅटरी सेटिंग ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा आणि बॅटरी सेव्हर बंद ठेवा. उतरलेली फाइल सापडत नसेल तर ‘फाइल्स’ ॲपमधल्या डाउनलोड्समध्ये बघा, गॅलरीत पीडीएफ दिसत नाही.

आयफोनवर सफारीची डाउनलोड अनेकदा आयक्लाउड ड्राइव्हवर जातात आणि तिथे फुकटची जागा ५ जीबीच. सफारीच्या सेटिंग्जमध्ये ‘डाउनलोड्स’ इथे ‘ऑन माय आयफोन’ निवडा.

हे सगळं करूनही अडत असेल तर साइटच्या मदत केंद्राला लिहा, पण ‘डाउनलोड होत नाही’ एवढंच लिहू नका. त्या पानावर एफ-१२ दाबा, ‘नेटवर्क’ हा टॅब निवडा, आता डाउनलोडचं बटण दाबा. नव्या उमटलेल्या ओळीच्या ‘स्टेटस’ रकान्यातला आकडा, फाइलचं नाव, वेळ आणि ब्राउझरची आवृत्ती, एवढं लिहून द्या. स्क्रीनशॉट जोडताना खाते क्रमांक आणि आधार क्रमांक झाकायला विसरू नका.